सहा काडतुसं, पाच पावसाळे

पत्र

काका, नमस्कार. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे, जोडीला बेदाण्याचा छोटा धंदा. हंगामात रोकड घेऊन रात्री-अपरात्री फिरावं लागतं, म्हणून आर्म्स लायसन्स काढलं आणि कानपूरचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं. घेतलं तेव्हा भरलेली सहा काडतुसं पाच वर्षं झाली तरी तीच आत आहेत. एकही उडवलेलं नाही. उरलेली काही कमरेच्या चामडी पट्ट्यात असतात, काही डब्यात, आणि डबा शेतावरच्या खताच्या गोडाऊनमधल्या लोखंडी कपाटात. पट्ट्यातल्या काडतुसांवर हिरवट थर चढलाय. ओळखीचा एक दुकानदार म्हणतो, काही होत नाही, पुसून घ्या. पुतण्या अमेरिकेतले व्हिडिओ बघतो, तो म्हणतो दर सहा महिन्यांनी बदललीच पाहिजेत. धाकट्या भावाकडे बत्तीसचंच पिस्तूल आहे. तो रोज रात्री ते रिकामं करतो आणि सकाळी परत भरतो. हे बरोबर आहे का? काडतुसं नेमकी किती दिवसांनी बदलायची, आणि जुन्यांचं करायचं काय?

ता.क. : वस्तीवर बिबट्या फिरतोय. वेळ आलीच तर रिव्हॉल्व्हर चालेल का?

— एक बागायतदार, निफाड तालुका

उत्तर

दादा, आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. रोज अंगावर बाळगायच्या शस्त्रातली काडतुसं वर्षातून एकदा बदला, आणि ती पाऊस उघडल्यावर बदला. खंडेनवमीला शस्त्र पूजेसाठी बाहेर काढताच, तोच मुहूर्त धरा. तुमच्या सहा काडतुसांना मात्र मुहूर्ताची वाट बघायला लावू नका, ती याच आठवड्यात उतरवा. आणि पट्ट्यातली हिरवी पडलेली आहेत ती पुसून, घासून, कशीही करून पुन्हा आत घालायची नाहीत.

पुतण्या चुकीचं बोलत नाही, फक्त दुसऱ्या देशातलं बोलतो. तिकडे काडतुसांची खोकी दुकानातून सहज मिळतात, लोक रेंजवर वरचेवर जातात, आणि अंगावरची काडतुसं जुनी झाली की सरावात उडवून नवी भरतात. तिकडच्या कित्येक पोलिस खात्यांत वर्षातून एकदा नेमबाजीची चाचणी होते, तेव्हा जुनी काडतुसं उडवायची आणि नवी घ्यायची अशी पद्धत आहे. आपल्याकडे प्रत्येक काडतूस लायसन्सवर चढतं. एका वेळी किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची हे त्यावर लिहिलेलं असतं, दुकानदार नोंद केल्याशिवाय देत नाही. सहा महिन्यांचा हिशेब इथे लावायला गेलात तर तुमचा कोटा नुसत्या अदलाबदलीत जाईल आणि सरावाला हातात काही उरणार नाही. सराव न करणाऱ्या माणसाकडची ताजी काडतुसं काय कामाची?

दुकानदाराचं म्हणणंही अर्धं खरं आहे. काडतुसातली दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ती हळूहळू विघटन पावते हे खरं, पण ती प्रक्रिया रोखण्यासाठी तिच्यात डायफिनाइलअमाइनसारखा स्थिरकारक पदार्थ मिसळलेला असतो. विघटनातून जे वायू सुटतात ते हा पदार्थ पकडून ठेवतो. कोरड्या, थंड, सावलीच्या जागी ठेवलेलं चांगल्या कारखान्याचं काडतूस काही दशकं टिकतं. दुसऱ्या महायुद्धातली काडतुसं आजही वाजतात. तेव्हा पाच वर्षं या आकड्याने घाबरून जायचं कारण नाही. पण दुकानदार ज्या टिकाऊपणाबद्दल बोलतो तो डबाबंद काडतुसाचा आहे. तुमची सहा डब्यात नव्हती. ती तुमच्या कमरेला होती, घामात होती, जीपच्या डॅशबोर्डच्या खणात होती, वणीच्या घाटातल्या पावसात होती. काडतुसाचं वय वर्षांत मोजू नका, त्याने काय काय सोसलंय त्यात मोजा. डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) दिसल्यावर फवारणी काढणारा बागायतदार तुम्ही नाही, ढगाळ हवा धरली की पंप बाहेर काढता. काडतुसांशीही तसंच वागा.

आता सोसण्याचे प्रकार बघू. सगळे सारखे घातक नसतात.

पाणी आणि दमट हवा. काडतुसाच्या मागच्या टोपीत, म्हणजे प्राइमरमध्ये, ठिणगी देणारा मसाला असतो. घोडा पडला की तो चिरडून पेटतो आणि पुढची दारू पेटवतो. हा मसाला दमला की घोडा पडतो, टक् आवाज येतो आणि पुढे काही होत नाही. चांगल्या काडतुसाची टोपी आणि गोळीची मान लाखेसारख्या लेपाने बंद केलेली असते. तो लेप एखाददुसरी सर सहज सोसतो. पण चार महिने रोज थोडी थोडी दमट हवा, त्यात एसी गाडीतून बाहेर पडल्यावर थंड धातूवर जमणारं दव, हे वेगळं प्रकरण आहे. आपल्या जिल्ह्यात तर एका टोकाला इगतपुरीचा पाऊस आणि दुसऱ्या टोकाला निफाडची हाडं गोठवणारी थंडी. पहाटे थंडगार पडलेलं शस्त्र घेऊन तुम्ही चुलीपाशी चहाला बसता, तेव्हाही त्यावर दव धरतं. म्हणून पाऊस संपल्यावर बदला म्हणतो. दमटपणाचा सगळा मार त्या चार महिन्यांतच बसतो. ऑक्टोबरात भरलेली काडतुसं पुढचे आठ महिने बऱ्यापैकी सुखात असतात.

उष्णता. एप्रिल-मे महिन्यात काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत हात लावून बघा. दारूतला स्थिरकारक पदार्थ उष्णतेत लवकर संपतो. शिवाय बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हरच्या शिशाच्या गोळीला मेणासारखं वंगण असतं, ते उन्हात मऊ होऊन भलतीकडे ओघळू शकतं. गाडीचा खण हे काडतुसं ठेवायचं ठिकाण नाही. शस्त्र ठेवायचं तर त्याहून नाही, कारण गाडी चोरीला गेली तर तुम्ही पोलिस ठाण्यात फिर्यादी म्हणून जाल आणि निष्काळजीपणाचा खुलासा करत बसाल.

तेल. हे अगदी कमी लोकांना माहीत असतं. पूजेच्या आदल्या दिवशी रिव्हॉल्व्हरला सढळ हाताने तेल पाजायचं आणि तशीच काडतुसं भरायची, ही आपल्याकडची लाडकी पद्धत. पातळ, आत झिरपणारं तेल टोपीच्या कडेने आत जातं आणि मसाला निकामी करू शकतं. तेल यंत्राला लावा, तेही टिपून. सिलिंडरची, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या चक्राची, सहाही घरं कोरड्या फडक्याने पुसून कोरडी ठेवा. हळदकुंकू, अक्षता, गोमूत्र, जे काय वाहायचं ते रिकाम्या शस्त्राला बाहेरून वाहा. कुंकवाची पूड घोड्याच्या फटीत आणि घरांत गेली की तेलात कालवून तिचा चिखल होतो. काडतुसांची पूजा करायचीच असेल तर ती डब्यातच राहू द्या, देवाला चालतं.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. खताचं गोडाऊन.

काडतुसाची नळी पितळेची असते. कारखान्यात थंड पितळ ठोकून, ओढून ती घडवतात, त्यामुळे धातूच्या अंगात ताण राहून जातो. अशा ताणलेल्या पितळेला अमोनियाची हवा लागली की ते तडकतं. वरून चकचकीत दिसतं आणि गळ्यापाशी केसासारखी चीर पडलेली असते. हा शोध आपल्याच मातीतून निघालाय. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवायचे. दर पावसाळ्यात ती तडकायची आणि कारण काही कुणाला उमगत नव्हतं. १९२१ साली त्याचा उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, जोडीला दमट हवा आणि पितळेत कोंडलेला ताण. तुमच्या गोडाऊनमध्ये घोडे नसतील, पण युरिया आहे, अमोनियम सल्फेट आहे, आणि बहुतेक बाहेर कोंबडखताचा ढीग आहे. गोडाऊनचं शटर उघडल्यावर नाकाला जो उग्र वास झोंबतो तो अमोनियाच. गंधकाची पोती असतील तर पितळ काळवंडेल ते निराळं. चिरलेल्या नळीतून गोळी सुटताना गरम वायू मागे आणि बाजूला फुटतात. तुमचा हात तिथेच असतो.

तो डबा आजच्या आज घरी आणा. कोरडं कपाट, झाकण घट्ट बसणारा डबा, आत औषधांच्या बाटलीत मिळते तसली सिलिका जेलची पुडी. शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. किल्ली लेकरांना माहीत असलेल्या खिळ्यावर नको. लायसन्स काढताना शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी तुम्ही सहीनिशी दिलेली आहे. गावाबाहेरच्या गोडाऊनमधलं कपाट त्या हमीत बसत नाही.

चामडी पट्टा. सिनेमातल्या सरदारासारखी पट्ट्यात ओळीने खोवलेली काडतुसं दिसायला झोकात दिसतात, पण चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार दमट हवेत पितळेवर चढतात. तुमच्या काडतुसांवरचा तो हिरवट, थोडा मेणचट थर म्हणजे तेच, तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढतो तसला गंज. एक काडतूस पट्ट्यातून काढून पांढऱ्या फडक्यावर आडवं ठेवा. जिथे चामड्याची कडी घट्ट बसत होती तिथे हिरवा पट्टा दिसेल. नख लावलं तर तो खरवडून निघेल आणि खाली पितळेत बारीक खड्डे दिसतील. तो गंज नुसता वर बसलेला नसतो, खाली पितळ खाऊन बसलेला असतो. शिवाय त्या थराने काडतूस जाड होतं, घरात अर्धवट जाऊन अडकतं आणि सिलिंडर फिरत नाही. पट्टा हवा तर मिरवायला ठेवा. जादा सहा काडतुसं नायलॉनच्या किंवा प्लास्टिकच्या साच्याच्या पाऊचमध्ये ठेवा. रिव्हॉल्व्हरचं होल्स्टर चामडी चालेल, कारण तिथे चामडं थेट काडतुसाला टेकत नाही. पण रात्री शस्त्र होल्स्टरमध्येच घालून ठेवायची सवय मोडा, चामड्यात ओल राहते.

काडतुसं नुसती वय झाली म्हणून बिघडतात असं नाही, हे तुमच्या भावाच्या उदाहरणातून जास्त चांगलं कळेल. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस घरात अलगद जाऊन बसतं. पिस्तुलात तसं नसतं. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, सोडली की ती मॅगझिनमधलं (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीतलं) वरचं काडतूस जोरात पुढे ढकलते, गोळीचं नाक चढावर आपटतं आणि मग ते चेंबरमध्ये, म्हणजे शस्त्राच्या नळीमागच्या घरात, शिरतं. एकदा आपटलं तर काही नाही. रोज सकाळी तेच काडतूस आपटत राहिलं तर गोळी काडतुसाच्या नळीत थोडी थोडी आत दबत जाते. गोळी आत गेली की दारूला जागा कमी पडते आणि उडवताना आतला दाब वाढतो. तो किती वाढेल ते गोळी किती दबली यावर ठरतं, आणि लहान पिस्तुलाला वाढीव दाब सोसवत नाही. शिवाय असल्या रोजच्या हादऱ्यांनी टोपीतला मसाला सुटून काडतूस न वाजल्याच्या घटना अमेरिकेतल्या पोलिसांत नोंदल्या गेल्या आहेत. म्हणजे काडतूस बाहेरून ठणठणीत आणि वेळेला मुकं.

भावाला हे घरीच करून बघता येईल. पिस्तूल रिकामं करून बाजूला ठेवा. रोज चेंबरमध्ये जाणारं काडतूस आणि डब्यातलं कोरं काडतूस टेबलावर शेजारी शेजारी उभी करा, डोळे टेबलाच्या पातळीला आणा. रोजचं काडतूस जरा जरी बुटकं दिसलं तर ते बाद. त्याच्या बुडाच्या कडेवर पिस्तुलाच्या काडतूस ओढून काढणाऱ्या नखाने पाडलेले ओरखडेही दिसतील.

भावाला माझा सल्ला असा: मॅगझिन भरलेलं ठेवा आणि चेंबर रिकामं ठेवूनच फिरा. मग रात्री फक्त मॅगझिन काढायचं, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासायचं आणि कुलूप लावायचं. एकही काडतूस आपटणार नाही. आपल्याकडच्या जुन्या बत्तीसच्या पिस्तुलांत पडल्यावर गोळी सुटू नये अशी सोय असेलच असं धरून चालता येत नाही, म्हणूनही रिकामं चेंबर बरं. यावर अमेरिकेतले प्रशिक्षक नाक मुरडतील, त्यांचं म्हणणं ऐनवेळी स्लाइड ओढायला सवड नसते. खरं आहे. पण ते ज्या शस्त्राबद्दल आणि ज्या सरावाबद्दल बोलतात ते तुमच्या भावाकडे नाही. आणि चुकून गोळी सुटण्याचे अपघात फार करून भरता-उतरवतानाच होतात. रोजची भराभर-उतरव बंद झाली की ती जोखीमही तेवढी कमी होते.

त्याला आणखी एक सांगा. बत्तीसच्या पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल ठप्प होतं. प्रत्येक वेळी वरची कड पुढे आहे हे बघायचं. मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते ही भीती काढून टाका. स्प्रिंग सारखी दाबून-सोडून जास्त थकते, नुसती दाबून ठेवल्याने त्या मानाने कमी.

तुमच्या रिव्हॉल्व्हरला हा आपटण्याचा त्रास नाही. उलट एक मात्र असतं. एक गोळी उडाली की झटक्याने बाकीच्या घरांतल्या काडतुसांच्या गोळ्या नळीतून किंचित पुढे सरकू शकतात, आणि फार सरकल्या तर सिलिंडर अडतं. बत्तीस बोअरचा झटका सौम्य असतो, त्यामुळे हे क्वचित होतं. पण रेंजवर चार गोळ्या उडवून उरलेल्या दोन परत कमरेला लावायच्या असं करू नका. त्या दोन तिथेच उडवा.

आता जुन्यांचं काय करायचं. उडवायची. वर्षभर अंगावर वागवलेली पण दिसायला स्वच्छ असलेली काडतुसं मान्यताप्राप्त रेंजवर नेऊन सरावात उडवा. यात दोन कामं होतात. तुमचा हात बसतो आणि वर्षभर जपलेली काडतुसं खरंच वाजत होती का हे कळतं. सहाच्या सहा वाजली तर तुमची ठेवण बरोबर आहे. एकजरी मुकं निघालं तर ठेवण तपासायला हवी. पाच वर्षांत एकही न उडवलेल्या माणसाला आपलं शस्त्र चालतं का हेसुद्धा माहीत नसतं. तुम्हाला आत्ता ते माहीत नाही.

रेंजवर जुनी काडतुसं उडवताना दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. घोडा पडला, टक् झालं आणि गोळी सुटली नाही, तर शस्त्राची नळी समोरच धरून निदान तीस सेकंद थांबा. दमलेला मसाला कधी कधी उशिरा पेटतो. लगेच पुन्हा घोडा ओढलात तर सिलिंडर फिरून ते काडतूस नळीसमोरून बाजूला जातं आणि नेमकं तेव्हा पेटलं तर समोर नळीच नसते. जिवावर बेतलेल्या प्रसंगी पुन्हा घोडा ओढावाच लागतो, ते निराळं. रेंजवर घाई कशाची?

दुसरी गोष्ट जास्त वाईट. पोलिस शस्त्रागारातून निवृत्त झाल्यावर मी अधूनमधून रेंजवर मदतीला जातो. तिथे एका सराफाच्या रिव्हॉल्व्हरमधून धाड्ऐवजी फुस्स असा आवाज आला, फटाका भिजल्यासारखा. गडी पुन्हा घोडा ओढणार तेवढ्यात शेजारच्या लेनवाल्याने ओरडून त्याला थांबवलं. सिलिंडर रिकामं करून नळीत मागून टॉर्च मारला तर पलीकडचा उजेडच दिसेना. टोपी पेटली होती, दारू नीट पेटली नव्हती, आणि गोळी नळीच्या मध्यात रुतून बसली होती. त्यावर दुसरी गोळी सोडली असती तर नळी फुगली असती, कदाचित फाटली असती. मग पितळी सळईने ठोकून ती गोळी मागे काढली. काडतुसं कुठे ठेवली होती विचारलं तर म्हणाला, दुकानाच्या तळघरात, जिथे पावसाळ्यात भिंतींना ओल येते. आवाज नेहमीसारखा आला नाही की हात थांबलाच पाहिजे.

रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. शिसं बोटाला लागून पोटात जातं.

शेतात किंवा नाल्यात उडवू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात आलं असेल. नको. बत्तीसची गोळी चुकली तर किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, आणि तुमच्या बागेच्या पलीकडे दुसऱ्याची बाग आहे, तिथे बायामाणसं विरळणी करत असतात. लग्नात, मिरवणुकीत हवेत उडवायचं तर नावच काढू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात आनंदापोटी केलेल्या गोळीबारावर स्वतंत्र कलम आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. काडतुसं संपवायचा हा फार महागडा मार्ग आहे.

हिरवी पडलेली, चिरलेली, दबलेली काडतुसं मात्र रेंजवरही उडवायची नाहीत. ती कचऱ्यात, विहिरीत, गोदेत टाकायची नाहीत आणि खुंट्याला धरून फोडायची तर अजिबात नाहीत. ज्या परवानाधारक दुकानदाराकडून घेतली त्याला विचारा, तो घेत नसेल तर तुमच्या पोलिस ठाण्यात लेखी अर्ज करून जमा करा. किती जमा केली त्याची पोच घ्या आणि लायसन्सच्या फाइलला लावा. तुमच्या नावावर किती काडतुसं घेतली आणि किती वापरली याचा मेळ उद्या कोणी मागितला तर तो कागद दाखवता येतो. ग्रामीण भागातलं लायसन्स जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली आणि नाशिक शहरातलं पोलिस आयुक्तांच्या, तेव्हा शहरात राहणाऱ्या पाहुण्याचं ऐकून भलत्या कार्यालयात खेटे घालू नका.

कोट्याचा हिशेब सोपा आहे. सिलिंडरमध्ये सहा, पाऊचमध्ये सहा, अशी बारा वर्षाला नवी. वर्षापूर्वीची बारा सरावाला. त्याहून थोडा जास्त सराव हवा असेल तर तेवढी वाढीव घ्या, लायसन्सवरच्या आकड्यात बसवून. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असतं ते खडकीच्या कारखान्याचं, केएफ शिक्क्याचं काडतूस. तो दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे, आणि २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. आपल्या भुसावळजवळचा वरणगावचा कारखानाही त्याच कंपनीचा. माल विश्वासाचा आहे, पण दुकानात तो किती वर्षं आणि कसा पडून होता हे बघणं तुमचं काम. डबा उघडून बघा, लॉट नंबर वहीत लिहा, भरल्याची तारीख शेजारी लिहा. वही नसेल तर डब्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहिलं तरी भागतं.

निवडणुकीच्या वेळचं लक्षात ठेवा. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन आचारसंहिता एकाच वर्षात लागल्या आणि बऱ्याच लायसन्सवाल्यांना शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागली. शस्त्र परत आलं की तसंच कमरेला लावू नका. जमा केलेली काडतुसं किती दिवस कुठल्या हवेत होती ते आपल्याला माहीत नसतं. उतरवून, पुसून, एकेक बोटात फिरवून बघा. जरा शंका आली की सरावाच्या डब्यात टाका. लायसन्सचं नूतनीकरण आता पाच वर्षांनी येतं, म्हणून काही जण काडतुसंही त्याच वेळी बदलतात. आपल्या हवेत पाच पावसाळे फार झाले.

राहिला बिबट्या. रिव्हॉल्व्हरचा विचार डोक्यातून काढून टाका. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि बत्तीस बोअरच्या गोळीने तो जखमी होईल, मरणार नाही. जखमी बिबट्या उसात शिरला की पुढचे आठ दिवस अख्खी वस्ती घराबाहेर पडत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. रात्री पाणी धरायला एकट्याने जाऊ नका, हातात बॅटरी आणि मोबाइलवर गाणी मोठ्याने लावून ठेवा. शेळ्या जाळीच्या बंद गोठ्यात घ्या, आणि वस्तीजवळची कुत्री रात्री मोकळी सोडू नका, तो बहुतेक त्यांच्याच मागावर येतो.